यंत्र कायम ठेवायचे की खेळ: जुन्या कन्सोल गेमचे हॅक आणि अनधिकृत पोर्ट

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रोग्रॅमिंग बऱ्यापैकी येते, सोळा-बिट काळातला एक गेम मनापासून आवडतो, त्यात स्वतःच्या लेव्हल घालायच्या आहेत, जिथे तो अडखळतो तिथे नितळ करायचा आहे आणि जमल्यास तो दुसऱ्या यंत्रावरही न्यायचा आहे. अशा वेळी सुरुवात रॉम हॅकपासून (गेमच्या कार्ट्रिजमधल्या माहितीची फाइल, म्हणजे रॉम, बदलण्यापासून) करावी की थेट पोर्टपासून (गेम दुसऱ्या यंत्रासाठी तयार करण्यापासून), आणि झालेले काम इतरांना कोणत्या रूपात द्यावे?

माझे उत्तर आहे, हॅकपासून. हॅक सोपा असतो म्हणून मी हे सांगत नाही. चांगला हॅक अजिबात सोपा नसतो. कारण वेगळे आहे. हॅकमध्ये यंत्र कायम राहते आणि खेळ बदलतो, तर पोर्टमध्ये यंत्र बदलते आणि खेळ कायम ठेवायचा असतो. जो खेळ कायम ठेवायचा आहे तो नेमका कशाने बनला आहे, हे मूळ यंत्रावर, मूळ कोडमध्ये हात घातल्याशिवाय कळत नाही. माझ्या पाहण्यात जे अनधिकृत पोर्ट फसले, त्यांतले बहुतेक चित्रे किंवा आवाज चुकल्यामुळे फसले नाहीत. करणाऱ्याने खेळ डोळ्यांनी पाहून पुन्हा लिहिला, आतले आकडे वाचले नाहीत, म्हणून ते फसले.

आतले आकडे म्हणजे काय, ते एका उदाहरणाने सांगतो. १९८५ चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा अवघ्या ४० किलोबाइटचा गेम आहे: ३२ किलोबाइट कोड आणि माहिती, ८ किलोबाइट चित्रे. त्यात मारिओचा आडवा वेग पिक्सेलच्या सोळाव्या भागांत मोजला जातो. चालण्याचा कमाल वेग २४, म्हणजे एका फ्रेममध्ये (पडद्यावरच्या एका चित्रात) दीड पिक्सेल; धावण्याचा कमाल वेग ४०, म्हणजे अडीच पिक्सेल. उडीची उंची ही उडी घेतानाच्या आडव्या वेगावर अवलंबून असते आणि बटण दाबून ठेवलेले असताना वेगळे गुरुत्व लागू होते. हा खेळ हातात घेतल्यावर जे 'बरोबर' वाटते, ते या मूठभर आकड्यांत साठवलेले आहे. पडद्याकडे बघून अंदाजाने लिहिलेली उडी जवळपास तशीच दिसते, पण दहा मिनिटे खेळल्यावर हाताला फरक कळतो.

हे आकडे शोधायची पद्धत फारशी गूढ नाही. डिबगर (चालता कोड थांबवून आत पाहू देणारे साधन) असलेला इम्युलेटर (जुन्या यंत्राची संगणकावर नक्कल करणारा प्रोग्रॅम) घ्यावा. निन्टेंडोच्या आठ-बिट यंत्रासाठी एफसीईयूएक्स किंवा मेसेन, सुपर निन्टेंडोसाठी मेसेन किंवा बीस्नेस-प्लस. उरलेले जीव, नाणी, वेग असे काहीतरी बदलत राहील असे पाहून रॅममध्ये शोध लावावा आणि कोणता पत्ता (स्मृतीतली जागा) त्यासोबत बदलतो ते हेरावे. 'सुपर मारिओ ब्रदर्स'मध्ये उरलेले जीव ०७५ए या पत्त्यावर सापडतात. पत्ता सापडला की त्यावर 'लिहिताना थांब' असा ब्रेकपॉइंट लावावा, म्हणजे तो बदलणारा कोड आपोआप समोर येतो. त्या कोडमधून पुढचा पत्ता, त्यातून पुढचा कोड, असे करत गेमचा नकाशा तयार होतो. हा नकाशा नीट लिहून ठेवा. उद्या पोर्ट करायला घ्याल तेव्हा हाच नकाशा तुमचे मुख्य भांडवल असेल.

चित्रांचा भाग मी झटपट उरकतो, कारण तो लवकर जमतो. आठ-बिट निन्टेंडोवर प्रत्येक टाइल (चित्राचा छोटा चौकोनी तुकडा) आठ बाय आठ पिक्सेलची, प्रत्येक पिक्सेलला दोन बिट, म्हणजे एक टाइल १६ बाइटची. वायवाय-सीएचआरसारख्या संपादकात त्या उघडतात आणि रंगवता येतात. चित्रे संकुचित करून ठेवलेली असतील तर आधी उलगडणारा कोड शोधावा लागतो, एवढीच अडचण. लेव्हलच्या बाबतीत गाजलेल्या गेमसाठी तयार संपादक मिळतात. सुपर निन्टेंडोवरच्या 'सुपर मारिओ वर्ल्ड'साठी २००० साली आलेले लूनर मॅजिक हे त्यांतले सर्वांत प्रगल्भ साधन आहे. त्याच्या जोरावर एक अख्खी परंपरा उभी राहिली, आणि २००७ च्या सुमारास जपानमधून आलेल्या 'कायझो' हॅकनंतर अतिकठीण लेव्हलचा स्वतंत्र प्रकारच रूढ झाला. संपादकाने सुरुवात करण्यात काहीही कमीपणा नाही. मात्र संपादक जे दाखवतो तेवढाच गेम आहे असे समजू नका.

खरे काम सुरू होते ते स्वतःचा कोड घालताना. मूळ रॉममध्ये सलग मोकळी जागा क्वचितच असते, म्हणून रॉम वाढवली जाते. 'सुपर मारिओ वर्ल्ड' मूळचा ५१२ किलोबाइटचा आहे आणि त्याचे बरेच हॅक ४ मेगाबाइटपर्यंत जातात. नवा कोड या वाढीव जागेत ठेवायचा आणि मूळ कोडमध्ये योग्य ठिकाणी फक्त एक उडी बसवायची. सुपर निन्टेंडोच्या प्रोसेसरची लांब उडीची 'जेएसएल' ही सूचना चार बाइटची असते. म्हणजे तुम्ही मूळचे किमान चार बाइट खोडता. ते एखाद्या सूचनेच्या मध्येच तुटत नाहीत ना हे पाहावे लागते, उरलेला बाइट निष्क्रिय सूचनेने भरावा लागतो, आणि खोडलेल्या मूळ सूचना आपल्या नव्या कोडमध्ये पुन्हा लिहाव्या लागतात. एवढे करूनही गेम कोसळला तर पहिला संशय रजिस्टरच्या (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या साठ्याच्या) रुंदीवर घ्या. हा प्रोसेसर त्याच सूचना कधी आठ बिटमध्ये तर कधी सोळा बिटमध्ये चालवतो. असेंब्लरची (लिहिलेल्या सूचनांचा मशीन कोड करणाऱ्या साधनाची) समजूत एक आणि प्रोसेसरची स्थिती दुसरी झाली की एखादी संख्या पुढच्या सूचनेचा पहिला बाइट गिळते आणि तिथून पुढचे सगळे वाचन सरकते. दुसरा संशय डेटा बँकवर (माहिती स्मृतीच्या कोणत्या भागातून वाचायची ते ठरवणाऱ्या रजिस्टरवर) घ्यावा. या दोन जागा तपासायची सवय लागली की असे दोष शोधण्यात दिवस जात नाहीत.

आठ-बिट निन्टेंडोवर प्रश्न निराळा आहे. तिथे प्रोसेसरला कार्ट्रिजवरच्या रॉमचा एका वेळी ३२ किलोबाइटचाच पट्टा दिसतो आणि मोठ्या गेममध्ये कार्ट्रिजवरची मॅपर चिप त्या पट्ट्यात रॉमचे तुकडे, म्हणजे बँका, आलटून पालटून बसवते. ज्या क्षणी तुमची उडी लागते त्या क्षणी तुमचा नवा कोड ज्या बँकेत आहे ती समोर असेलच याची खात्री नसते, म्हणून बँक बदलणारा छोटा तुकडा नेहमी कायम दिसणाऱ्या बँकेत ठेवावा लागतो. त्या बँकेत तर पंधरा-वीस बाइटही मोकळे मिळणे कठीण असते. तिथे जुना कोड आखडून लिहिण्याचे कसब कामाला येते, आणि मला वैयक्तिकरीत्या या कलेतला हाच भाग सर्वांत देखणा वाटतो.

चाचणीबद्दल एक गोष्ट आग्रहाने सांगतो. काम अचूक इम्युलेटरवर आणि शक्य असल्यास प्रत्यक्ष यंत्रावर तपासा. सुपर निन्टेंडोचा झेडस्नेस हा इम्युलेटर अनेक वर्षे सर्वांच्या संगणकावर होता. पडदा रेखाटला जात असतानाही तो चित्रस्मृतीत लिहू देत असे, जे खरे यंत्र करू देत नाही. आवाजाच्या बाबतीतही प्रतिध्वनीसाठी राखायच्या स्मृतीकडे तो दुर्लक्ष करीत असे, त्यामुळे त्या जागेवर संगीताची माहिती ठेवलेले हॅक त्याच्यावर सुरळीत चालत आणि खऱ्या यंत्रावर कर्कश आवाज करून बंद पडत. त्या काळातले कित्येक सुंदर हॅक आणि भाषांतरे आज नव्या इम्युलेटरवर मोडतात ती याच कारणाने. त्या निर्मात्यांकडे दुसरे साधन नव्हते, तुमच्याकडे आहे.

आता 'अडखळणारा गेम नितळ करणे' या भागाकडे येतो. सुपर निन्टेंडोचा प्रोसेसर कमाल ३.५८ मेगाहर्ट्झवर चालतो आणि सुरुवातीच्या अनेक गेममध्ये रॉम त्याहूनही मंद, २.६८ मेगाहर्ट्झच्या वेगाने वाचली जाते. 'ग्रॅडियस ३' हा त्यामुळे रेंगाळणारा प्रसिद्ध गेम. २०१९ मध्ये ब्राझीलच्या एका प्रोग्रॅमरने त्याचा बराचसा कोड एसए-१ या साहाय्यक चिपवर हलवणारा पॅच (मूळ रॉमवर लावायच्या बदलांची फाइल) प्रसिद्ध केला. ही चिप १०.७४ मेगाहर्ट्झची असून निन्टेंडोने ती त्याच काळातल्या काही कार्ट्रिजमध्ये स्वतःच वापरली होती. गेम तोच, यंत्रही तेच, फक्त कार्ट्रिजवर त्या काळी शक्य असलेली जास्तीची चिप. मात्र अशा पॅचसोबत एक गुंतागुंत येते. मूळ गेमची काठिण्यपातळी त्या मंदपणासह ठरलेली असते. गोळ्यांचा मारा वाढला की गेम रेंगाळतो आणि खेळाडूला सुटायला अवधी मिळतो. मंदपणा काढला की गेम कठीण होतो. तो कठीणपणा तसाच ठेवायचा की भरपाई करायची, हा निर्णय निर्मात्याने जाणीवपूर्वक घ्यावा आणि पॅचसोबत लिहून सांगावा.

भाषांतर हॅक ही याच कामाची शाखा आहे आणि तिने कदाचित सर्वाधिक लोकांना आनंद दिला आहे. 'सेइकेन देन्सेत्सु ३' हा १९९५ चा जपानी गेम चाहत्यांनी २००० मध्ये इंग्रजीत आणला. अधिकृत इंग्रजी आवृत्ती यायला २०१९ उजाडले. 'मदर ३' हा २००६ चा गेम, त्याचे चाहत्यांचे इंग्रजी भाषांतर ऑक्टोबर २००८ मध्ये आले आणि आजही इंग्रजीत तो खेळायचा तर तोच मार्ग आहे. बाहेरून पाहणाऱ्याला हे भाषांतरकाराचे काम वाटते, पण अर्धे काम असेंब्लीचे (थेट प्रोसेसरच्या सूचनांत लिहायच्या कोडचे) असते. तोच मजकूर इंग्रजीत जपानीपेक्षा जास्त अक्षरे घेतो, म्हणून मजकूर नव्या जागी हलवून त्याकडे बोट दाखवणारे सारे पॉइंटर पुन्हा मोजावे लागतात. मूळ कोड प्रत्येक अक्षराला सारखीच रुंदी देतो, त्यामुळे अक्षरागणिक वेगळी रुंदी देणारा नवा कोड लिहावा लागतो. मेनूतली वस्तूंची नावे अगदी थोड्या अक्षरांच्या चौकटीत कोंबलेली असतात आणि ती चौकट रुंद करायची तर लढाईचा पडदाच नव्याने मांडावा लागतो.

आता पोर्ट. इथे दोन टोके आहेत आणि दोन्हींतून शिकण्यासारखे आहे. एका टोकाला दुबळ्या यंत्रावर बलवान यंत्राचा गेम आणणे. १९९४ चा 'सोमारी' हा तैवानी चाच्यांनी फॅमिकॉमवर (आठ-बिट निन्टेंडोच्या जपानी रूपावर) आणलेला सेगाचा 'सोनिक', नायकाच्या जागी मारिओ बसवलेला. सेगाच्या मेगा ड्राइव्हमध्ये ७.६७ मेगाहर्ट्झचा ६८००० प्रोसेसर आहे आणि त्याला गुणाकाराची सूचना आहे. उतारावरून घरंगळताना सोनिकचा वेग साइन-कोष्टक आणि गुणाकार वापरून काढला जातो. फॅमिकॉमच्या प्रोसेसरला गुणाकार मुळी येतच नाही आणि एका फ्रेममध्ये त्याच्या हाती जेमतेम २९,७८० चक्रे असतात. शिवाय एका आडव्या ओळीवर आठच स्प्राइट (हलत्या चित्रांचे तुकडे) मावतात. 'सोमारी'त लेव्हल ओळखीच्या दिसतात, पण उतारावर वेग साठत जाण्याची ती भावना उतरलेली नाही, आणि सोनिकमधून ती वजा केली की फारसे काही उरत नाही. असा पोर्ट करायचा असेल तर सर्वांत आधी रिकाम्या पडद्यावर एक चौकोन आणि एक उतार घेऊन हालचाल जुळवा. कोष्टकांनी गुणाकार टाळा आणि कोन मोजकेच ठेवा. हालचाल हाताला पटेपर्यंत चित्रांना हात लावू नका.

पडद्याची रुंदी हा असाच दुर्लक्षित मुद्दा आहे. सुपर निन्टेंडोचे चित्र साधारणतः २५६ पिक्सेल रुंद, मेगा ड्राइव्हचे बहुधा ३२०. एकावरून दुसऱ्यावर जाताना खेळाडूला ६४ पिक्सेल जास्त दिसतात, आणि पुष्कळ गेममध्ये शत्रू पडद्याच्या कडेपासून ठरावीक अंतरावर जन्म घेतात. ते अंतर बदलले नाही तर शत्रू डोळ्यांदेखत प्रकटतात. बदलले तर ते लवकर चालू लागतात आणि खेळाडू पोहोचेपर्यंत त्यांची जागा वेगळी असते. यावर सरसकट उत्तर नाही, प्रत्येक शत्रूचे वर्तन पाहून ठरवावे लागते. रुंद पडद्याचे घाईत केलेले पोर्ट हमखास इथे उघडे पडतात.

दुसऱ्या टोकाला जुना गेम आजच्या संगणकावर आणणे. इथे गेल्या काही वर्षांत झालेले काम मला थक्क करणारे वाटते. 'सुपर मारिओ ६४' या १९९६ च्या गेमचा मशीन कोड वाचून चाहत्यांनी त्याचा सी भाषेतला स्रोत पुन्हा रचला (यालाच डिकंपाइल म्हणतात) आणि तो २०१९ मध्ये खुला झाला. त्यांची कसोटी कठोर होती: हा नवा स्रोत त्या काळच्याच कंपायलरने (स्रोताचा मशीन कोड करणाऱ्या साधनाने) बांधल्यावर मूळ रॉमशी बाइटन्‌बाइट जुळला पाहिजे. जुळला म्हणजे समज बरोबर; तिथे मतभेदाला जागा नाही. २०२० मध्ये त्यावरून संगणकासाठीचा पोर्ट निघाला. त्यात ६० फ्रेमची सोय करताना मारिओची हालचाल मोजणारे तर्क ३० फ्रेमवरच ठेवून मधली चित्रे गणिताने भरली गेली, म्हणून तो दिसतो नितळ आणि हाताला लागतो मूळसारखाच. १९९८ च्या 'ओकारिना ऑफ टाइम'चे डिकंपाइल काम नोव्हेंबर २०२१ मध्ये पूर्णत्वाला गेले आणि मार्च २०२२ मध्ये त्यावर आधारित 'शिप ऑफ हार्किनियन' हा पोर्ट आला.

तुमचा गेम सोळा-बिट काळातला आहे, तेव्हा तुमच्यासाठी सर्वांत उपयोगी आदर्श 'अ लिंक टू द पास्ट'चा २०२२ मधला सी भाषेतला पोर्ट आहे. सोळा-बिट गेम बहुतेक असेंब्लीतच लिहिलेले असत, त्यामुळे बाइट जुळवण्याची कसोटी सी स्रोताला लावता येत नाही. त्या प्रकल्पाने निराळी कसोटी काढली: नवा सी कोड आणि मूळ मशीन कोड एकाच वेळी, एकाच इनपुटवर चालवायचे आणि प्रत्येक फ्रेमनंतर दोघांची रॅम ताडून पाहायची. जिथे फरक पडेल तो फ्रेम आणि तो पत्ता हाच दोषाचा ठावठिकाणा. ही पद्धत जशीच्या तशी उचला. एकेक फंक्शन बदला, खेळण्याचे रेकॉर्डिंग पुन्हा चालवा, रॅम ताडा, मगच पुढे जा.

२०२४ पासून स्टॅटिक रिकंपाइल नावाची आणखी एक वाट रुळली आहे. त्यात मशीन कोडचे साधनाच्या मदतीने सरळ सी भाषेत रूपांतर होते आणि ते आजच्या संगणकासाठी बांधले जाते. 'मजोराज मास्क' या मार्गाने संगणकावर आला. गेम लवकर चालू लागतो, पण मिळणारा कोड माणसाने वाचण्याजोगा नसतो. तुम्हाला लेव्हल आणि वर्तन बदलायचे आहे, त्यामुळे तुमच्या हेतूला ही वाट कमी पडेल असे माझे मत आहे.

कोणतीही वाट धरलीत तरी एक पथ्य पाळा: कंपनीतून फुटलेला स्रोत उघडूसुद्धा नका. २०२० मध्ये निन्टेंडोची बरीच अंतर्गत सामग्री बाहेर आली, तरी जबाबदार डिकंपाइल प्रकल्पांनी ती निषिद्ध मानली, कारण एकदा ती वापरली की आपण स्वतः शोधले हा दावाच संपतो. कंपनीच्या खासगी विकाससंचाचेही तसेच. जानेवारी २०२४ मध्ये 'पोर्टल ६४' हा निन्टेंडो ६४ वरचा चाहत्यांचा पोर्ट मूळ गेमची कंपनी व्हॉल्व्हच्या सूचनेवरून मागे घेतला गेला तो त्यात निन्टेंडोच्या मालकीच्या लायब्ररी वापरल्या होत्या म्हणून. त्या यंत्रासाठी लिबड्रॅगन आणि मेगा ड्राइव्हसाठी एसजीडीके ही मोकळी साधने उपलब्ध आहेत, त्यांवरच बांधा.

वाटपाचा नियम जुना आणि चांगला आहे: रॉम कधीच द्यायची नाही, फक्त फरक द्यायचा. पोर्टच्या बाबतीत कोड तुमचा असला तरी चित्रे, संगीत आणि लेव्हल तुमच्या नसतात. म्हणून वर सांगितलेले प्रकल्प ही सामग्री वापरणाऱ्याच्या स्वतःच्या रॉममधून काढून घेतात. याने कायदेशीर जोखीम शून्य होते असे मानू नका. अमेरिकेत १९९२ च्या गॅलूब खटल्यात गेम जिनी या खेळताना गेममधले आकडे बदलणाऱ्या उपकरणाच्या बाजूने निकाल लागला, पण १९९८ च्या मायक्रो स्टार खटल्यात त्याच न्यायालयाने खेळाडूंनी बनवलेल्या लेव्हल-फाइलींचा संग्रह विकणे हे मूळ कृतीवर आधारित नवी कृती करणे ठरवले. प्रत्यक्षात कंपन्यांचे वागणेही एकसारखे नाही. 'क्रोनो ट्रिगर'चा 'क्रिमसन इकोज' हा हॅक २००९ मध्ये आणि 'पोकेमॉन प्रिझम' २०१६ मध्ये, दोन्ही पूर्ण होत आलेले असताना नोटिशीमुळे थांबले. उलट सेगाने चाहत्यांच्या जगातून आलेल्या प्रोग्रॅमरांकडूनच २०१७ चा 'सोनिक मेनिया' करून घेतला. माझा सल्ला असा की कामासाठी पैसे घेऊ नका, प्रसिद्धीची तारीख आधी जाहीर करू नका आणि बांधलेला तयार गेम फिरवू नका.

पॅचचे स्वरूप बीपीएस ठेवा. जुने आयपीएस स्वरूप साधे आहे, पण त्यात मूळ फाइल योग्य आहे का हे तपासायची सोयच नाही. त्याचे पत्ते तीन बाइटचे असल्याने १६ मेगाबाइटपुढे ते पोहोचत नाही, आणि ४५,४२,२७८ या एका पत्त्यापासून नोंद सुरू करता येत नाही, कारण ते तीन बाइट समाप्तीच्या खुणेशी हुबेहूब जुळतात. सुपर निन्टेंडोच्या काही रॉमना जुन्या कॉपी-यंत्रांनी जोडलेले ५१२ बाइटचे शीर्ष असते; अशा फाइलवर शीर्षाविना बनवलेला आयपीएस पॅच लावला की प्रत्येक बदल ५१२ बाइट चुकीच्या जागी पडतो आणि दोष मात्र तुमच्या हॅकला लागतो. बीपीएस मूळ फाइलचा सीआरसी-३२ (फाइलच्या मजकुरावरून काढलेली ओळख-संख्या) ताडून पाहतो आणि जुळला नाही तर पॅच लावायलाच नकार देतो. सीडीवरच्या गेमसाठी एक्सडेल्टा वापरावा.

पॅचसोबतच्या मजकुरात मूळ रॉम कोणत्या प्रदेशाची आणि कोणत्या आवृत्तीची हवी, तिचा सीआरसी-३२ काय, कोणत्या इम्युलेटरवर व कोणत्या खऱ्या यंत्रावर तपासले, आणि तुमचा कोड रॉममध्ये व रॅममध्ये कोणकोणत्या पत्त्यांवर बसतो, एवढे अवश्य लिहा. शेवटची नोंद बहुतेक जण वगळतात. ती असेल तर तुमच्या सुधारणेवर दुसऱ्याला आपली सुधारणा टक्कर न होता चढवता येते, आणि तुम्ही पोर्ट करायला बसाल तेव्हा कोणता आकडा मूळ गेमचा आणि कोणता तुम्ही घातलेला, हे शोधत बसावे लागत नाही.